एनसी, चॅप्टर, एफआयआर: हातात आलेला कागद कसा वाचायचा

मृगाच्या आधीचे दिवस. नांगरट चालू आहे. धाकट्याच्या ट्रॅक्टरचा फाळ बांधाला लागतो आणि हातभर बांध कोरला जातो. थोरला ओरडत येतो. शब्दाला शब्द लागतो, आईबहिणीवरून शिव्या होतात, गचांडी धरली जाते, दोन-चार थोबाडीत बसतात. निघताना कुणीतरी ‘तुला बघून घेतो’ म्हणतंच. संध्याकाळी दोघंही, वेगवेगळ्या मोटारसायकलींवरून, एकाच पोलीस ठाण्यात पोचतात.

बाहेर येताना थोरल्याच्या हातात एक कागद असतो. ‘केस केली त्याच्यावर,’ असं तो घरी सांगतो. केस झालेली नसते. एनसी झालेली असते.

हे दोघे चुलतभाऊ मी बनवलेले आहेत. पण कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर तासभर बसा, अशा चार जोड्या दिसतील. एकाच गावचे, बहुतेक एकाच भावकीतले, आणि हातातल्या कागदाचा अर्थ दोघांनाही माहीत नसलेला. म्हणून या लेखात मी त्यांचाच हात धरून चालणार आहे.

वर्षानुवर्षं स्थानिक बातमीच्या शेवटी तीन आकडे यायचे: ३२३, ५०४, ५०६. मारहाण, शिवीगाळ, दमदाटी. गावात लहान पोरांनाही ते पाठ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली आणि हे त्रिकूट आता ११५(२), ३५२, ३५१(२) असं लिहिलं जातं. थोबाडीत तीच आहे, आकडा बदलला. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात, त्यामुळे कोर्टात अजून बरीच वर्षं दोन्ही भाषा ऐकू येतील.

आधी विचारायचे दोन प्रश्न

कुठलंही कलम कानावर पडलं की वकिलाला दोन गोष्टी विचाराव्यात. दखलपात्र आहे का? जामीनपात्र आहे का? शिक्षा किती हा तिसरा प्रश्न, आणि लोक नेमका तोच पहिल्यांदा विचारतात.

दखलपात्र म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता गुन्हा नोंदवू शकतात, तपास करू शकतात, गरज असेल तर अटकही करू शकतात. त्या नोंदीला एफआयआर म्हणतात आणि तिला ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अदखलपात्र म्हणजे पोलिसांनी फक्त लिहून घ्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम आल्याशिवाय तपास करायचा नाही. या नोंदीलाच आपण एनसी म्हणतो.

थोबाडीत, शिवी आणि ‘बघून घेतो’ ही तिन्ही अदखलपात्र, तिन्ही जामीनपात्र. म्हणून ठाणे अंमलदाराने थोरल्याला ‘कोर्टात जा’ असं सांगितलं तर तो टाळतोय असं दर वेळी नसतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ ने त्याचे हात बांधलेले असतात. त्याच कलमात एक नवी गोष्ट आली आहे: अशा नोंदींचा डायरी अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. आणि एक जुनी, उपयोगाची गोष्ट तशीच राहिली आहे: एकाच घटनेत चार कलमं अदखलपात्र आणि एक दखलपात्र असेल तर सगळं प्रकरणच दखलपात्र धरलं जातं.

टाळाटाळ होते ती वेगळ्या जागी. कोयत्याचा वार झालेला असताना ‘किरकोळ भांडण’ म्हणून एनसी हातात दिली जाते, किंवा मोबाइल चोरीला गेलेला असताना ‘गहाळ’ म्हणून अर्ज लिहून घेतला जातो. मोबाइलचं एक बारकं आहे. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र खान्यात टाकली आहे. म्हणून ठाण्यात जाताना बिल बरोबर न्या, किमतीचा वाद तिथेच मिटतो. आणि गळ्यातलं मंगळसूत्र किंवा हातातला मोबाइल हिसकावून नेला असेल तर ती साधी चोरी नाही. हिसकावण्यासाठी आता ३०४ हे स्वतंत्र कलम आहे.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्याला एक खिडकी ठेवली: तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तरीही नोंद झालीच नाही, तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कलम १७३ मध्ये ही वाट लिहिलेली आहे. पोस्टाची पावती जपून ठेवा. कोर्ट पहिल्यांदा तीच मागतं. हद्दीचा बहाणाही चालत नाही. घटना कुठेही घडलेली असो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

एनसीचं आयुष्य मात्र छोटं असतं. कोर्टाने दखल घेण्याला मुदत आहे. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याला तीन वर्षं. ११५(२) ची शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणजे थोरल्याने तो कागद कपाटात ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर काढला, तर थोबाडीतीपुरतं दार बंद झालेलं असतं.

दात पडला तर

आता प्रसंग थोडा बदलू. थोबाडीत जरा जोरात बसली आणि थोरल्याचा पुढचा दात पडला.

पोलीस त्याला ‘यादी’ देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. यादी म्हणजे ‘या इसमाची तपासणी करून दाखला द्यावा’ असं डॉक्टरांना लिहिलेलं पत्र. त्या दाखल्यावर दोन शब्दांपैकी एक येतो, साधी दुखापत किंवा गंभीर दुखापत, आणि सगळं प्रकरण त्या एका शब्दावर फिरतं. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. त्यातच हाड किंवा दात मोडणं, निखळणं आहे. शेवटचा प्रकार असा की पंधरा दिवस तीव्र वेदना राहिली किंवा माणसाला रोजची कामं करता आली नाहीत; जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते.

दात पडला की ११७(२) लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, दखलपात्र. सात वर्षं हा आकडा ऐकून धाकट्याच्या घरात रात्रभर कुणी झोपत नाही. पण हे कलम जामीनपात्र आहे. उलट, दात शाबूत राहिला, पण धाकट्याने खुरप्याने थोरल्याच्या दंडावर एक ओरखडा काढला, तर कलम ११८(१): घातक हत्याराने दुखापत. शिक्षा तीनच वर्षं, पण अजामीनपात्र. जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ठाण्यातूनच जामीन आणि कमी शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाची पायरी, हा उलटा हिशेब लोकांना पटत नाही. मलाही तो फारसा पटत नाही. पण कायद्याचा तक्ता तसा आहे, म्हणूनच शिक्षेचा प्रश्न मी तिसऱ्या नंबरवर ठेवला.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर कित्येकांचे पैसे जातात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा तुमचा हक्क, पोलीसही देतात. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या विवेकावर असतो, एवढाच फरक. जामीनपात्र गुन्ह्यात पकडलेला माणूस गरीब असेल, आठवड्याभरात जामीनदार उभा करू शकला नाही, तर त्याला नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं पाहिजे असंही कायदा सांगतो.

अटकेचंही तसंच. गुन्हा नोंदवला म्हणजे अटक झालीच पाहिजे असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत पोलीस कलम ३५(३) ची नोटीस देतात. जुन्या कायद्यात ती ४१-अ ची नोटीस होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात, कारण नोंदवल्याशिवाय सरसकट अटक करू नका, असं बजावल्यापासून या नोटिशीला वजन आलं. नोटीस आली की हजर राहायचं, पोच घ्यायची. घाबरून पाहुण्यांच्या गावी जाऊन राहिलात तर, जी अटक होणार नव्हती, तिचं कारण तुम्हीच पोलिसांच्या हातात देता. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी, अगदी अपवाद सोडता, अटक नाही.

अटक झालीच तर कारण लेखी मिळालं पाहिजे, आणि तेही त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू असल्याचं स्पष्ट केलं. नातेवाइकाला कळवणं बंधनकारक. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक. तिथून पुढे कोर्टाच्या आवारात दोन शब्द ऐकू येतात: पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, आणि एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. एमसीआर झाली हे ऐकून रडणारे लोक मी पाहिलेत. खरं तर बहुतेक वेळा त्याच क्षणी जामीन अर्जाचा रस्ता मोकळा होतो.

आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दाखवून ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ असं कुणी सांगितलं, तर फोन ठेवून द्या. असला प्रकार या देशातल्या कुठल्याही कायद्यात नाही.

चॅप्टर

बांधावरच्या भांडणात दात पडला नाही, एनसीच झाली, असंच धरू. महिन्याभराने दोघांनाही नोटीस येते, थोरल्यालाही आणि धाकट्यालाही. ‘मी तर फिर्यादी, मला कशाला?’ असं थोरला विचारतो.

ही चॅप्टर केस. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या चॅप्टरमधली म्हणून नाव पडलं ते पडलं. गावात अजूनही ‘एकशे सातची केस’ म्हणतात. आता ते कलम १२६ आहे. सराईतांवरची ‘एकशे दहा’ आता १२९ झाली. आणि वातावरण तापलेलं असताना चोवीस तासांसाठी उचलून नेण्याची ‘एकशे एकावन्न’ आता १७० झाली.

चॅप्टर केस हा गुन्हा नाही. हे एकदा स्वच्छ समजून घेतलं की अर्धी भीती जाते. त्यात कुणाला दोषी ठरवत नाहीत. पुढे शांतता भंग होईल असं वाटतंय, म्हणून ‘वर्षभर नीट वागेन, नाहीतर एवढी रक्कम भरीन’ असं बंधपत्र का घेऊ नये, एवढंच विचारलेलं असतं. ते विचारणारेही न्यायाधीश नसतात. गावाकडे तहसीलदार, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून. मुंबई-पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्त. एनसीचा खरा उपयोग इथे होतो. दोघांच्या दोन एनसी जोडल्या की चॅप्टरचा प्रस्ताव तयार. निवडणूक किंवा मोठा सण जवळ आला की अशा नोटिशांचे गठ्ठे निघतात, आणि त्यात दहा वर्षांपूर्वी एकदा भांडलेला, आता शांतपणे दूध घालणारा माणूसही सापडतो.

नोटिशीत काय असायला हवं हे ठरलेलं आहे: माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत, किती जामीनदार. नुसतं ‘आपण भांडखोर वृत्तीचे आहात’ एवढंच असेल तर ते पुरेसं नाही, असं लेखी म्हणणं देता येतं. साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, वकील देता येतो. चौकशी सहा महिन्यांत संपवायची असते. पण प्रत्यक्षात काय होतं? माणूस तहसीलमध्ये जातो, पेशकार जिथे बोट ठेवेल तिथे सही करतो आणि सुटलो म्हणून घरी येतो. सही करायला हरकत नाही, फक्त कशावर केली हे माहीत असावं. त्या वर्षात पुन्हा हाणामारी झाली तर बंधपत्राची रक्कम जप्त होऊ शकते, आणि बंधपत्र द्यायचंच नाकारलं तर कोठडीही. जामीनदार म्हणून सातबारा घेऊन उभा राहिलेला मामा यात विनाकारण अडकतो.

आपल्या राज्याचे कायदे

इथपर्यंतचं सगळं केंद्राच्या कायद्यातलं होतं. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, दारू आणि जुगार हे विषय राज्याकडे आहेत, आणि फौजदारी कायदा हा केंद्र-राज्य दोघांच्या समवर्ती सूचीत. त्यामुळे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसावर असे काही कायदे लागू असतात जे बाजूच्या कर्नाटकात किंवा गोव्यात नसतात.

सगळ्यात जास्त भेटणारा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. पूर्वी तो मुंबई पोलीस अधिनियम होता. रस्त्यावर आरडाओरडा, धिंगाणा घातला की ‘११०-११७’ किंवा ‘११२-११७’ची कारवाई होते आणि ती बहुतेक दंडावर मिटते. रात्री-अपरात्री तोंड झाकून, अंधारात दबा धरून कुणी सापडला तर १२२. सणांच्या तोंडावर वर्तमानपत्रात ‘जिल्ह्यात १५ दिवस मनाई आदेश’ अशी चौकट येते ती ३७(१) आणि ३७(३) ची. त्या काळात शस्त्र, काठी, दाहक पदार्थ घेऊन फिरायचं नाही, विनापरवाना जमाव-मिरवणूक नाही. मोडलं की १३५. गंमत अशी की ही चौकट कुणी वाचत नाही आणि कुणीतरी मित्राच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापून त्याचा व्हिडिओ स्वतःच्या हाताने टाकतो. पोलिसांना पुरावा शोधायलाही बाहेर पडावं लागत नाही.

दारूचा कायदा तर नावापासूनच गोंधळात टाकतो: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. राज्यात गल्लोगल्ली दुकानं आणि कायद्याचं नाव दारूबंदी! कारण हा कायदा ‘बंदी, पण परवाना असेल तर चालेल’ अशा उलट्या पद्धतीने लिहिलेला आहे. पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो; एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. बिअरला वय २१, कडक दारूला २५. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत पूर्ण बंदी. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गोव्याहून येताना चार बाटल्या स्वस्तात मिळाल्या म्हणून डिकीत टाकून आणणारे सिंधुदुर्गातल्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर अडकतात ते याच कायद्यात. गोव्यात कर भरून, बिल घेऊन घेतलेली बाटली महाराष्ट्रात परवान्याशिवाय आली की ती बेकायदा वाहतूक. बाटलीबरोबर गाडीही जप्त होते, आणि गाडी सोडवण्याच्या खर्चात आयुष्यभराची दारू आली असती.

जुगाराचा कायदा १८८७ चा आहे. श्रावणात पारावर तीन पत्ती रंगते तेव्हा उघड्यावरच्या जुगाराला कलम १२ लागतं, अड्डा चालवणाऱ्याला ४ आणि अड्ड्यात सापडलेल्याला ५. ‘मी खेळत नव्हतो साहेब, नुसता बघत होतो’ हे वाक्य प्रत्येक छाप्यात ऐकू येतं. पण कायदा म्हणतो, खेळ चालू असताना अड्ड्यात सापडलास म्हणजे खेळायलाच आला होतास असं धरू. तसं नव्हतं हे तू सिद्ध कर. फौजदारी कायद्यात सहसा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. इथे ते बघ्यावर आहे.

आता पुन्हा आपल्या भावकीत येऊ, कारण राज्याचे तीन कायदे थेट तिथेच लागतात.

थोरल्याची म्हैस आटली. त्याच्या बायकोने देवऋष्याला विचारलं आणि त्याने धाकट्या जावेचं नाव घेतलं, ‘हिनं करणी केली’. आता दोष करणीचा नाही, ‘हिनं करणी केली’ असं सांगण्याचा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे जनावरांचं दूध आटतं अशी समजूत पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दखलपात्र आणि अजामीनपात्र. बांधावरच्या भांडणाच्या एनसीपेक्षा हे कितीतरी जड प्रकरण.

मग भावकी बसली आणि धाकट्याचं घर वाळीत टाकलं: कुणी पाणी द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही. त्यासाठी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ च्या जुलैपासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. जातपंचायतीने दंड मागणं, बहिष्कारासाठी बैठक बोलावणं, त्यात मत देणं, हे सगळं त्यात येतं.

आणि सावकार. कोर्टाच्या खर्चासाठी थोरल्याने महिना पाच रुपये शेकड्याने पैसे उचलले. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. महिना पाच रुपये म्हणजे वर्षाला साठ टक्के. तक्रार पोलिसांकडे करता येतेच, पण जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जायचं. व्यवहार सावकारीतून झाला हे चौकशीत सिद्ध झालं तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देऊ शकतात. ही वाट पोलीस ठाण्यात सहसा कुणी सांगत नाही.

राज्य केंद्राच्या कायद्यातही बदल करू शकतं, याचं उदाहरण तलाठ्याच्या कॉलरमध्ये आहे. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याची कॉलर धरली तर सरकारी कामात अडथळ्याचं प्रसिद्ध ३५३ लागायचं. महाराष्ट्राने २०१८ पासून आपल्यापुरती त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच केली होती. दंड संहिता गेली तसा तो बदलही गेला. न्याय संहितेच्या मूळ कलम १३२ मध्ये शिक्षा दोन वर्षं आहे. अजामीनपात्र मात्र आहेच.

तडीपार

धाकट्यावर चार-पाच गुन्हे साठले तर पोलीस अधिनियमाच्या कलम ५५, ५६, ५७ पैकी एकाची नोटीस येते. प्रांत किंवा पोलीस उपायुक्त त्याला जिल्ह्यातून, कधी शेजारच्या जिल्ह्यांतूनही, दोन वर्षांपर्यंत बाहेर काढू शकतात. आधी कलम ५९ खाली म्हणणं मांडायची संधी, हुकूम झाल्यावर ३० दिवसांत सरकारकडे अपील. हद्दीत परत दिसला तर कलम १४२, पुन्हा दोन वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीचा हुकूम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरा, आणि पूर्ण दोन वर्षं काढायचं असेल तर त्याचं कारण हुकुमात दिसलं पाहिजे. वकिलाने पहिल्यांदा तेच शोधायचं असतं.

मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि एमपीडीए (खटल्याआधीच स्थानबद्ध करण्याचा कायदा) ही नावं दमदाटीत फार वापरली जातात. ‘मोक्का लावीन’ म्हणणाऱ्याच्या हातात तो नसतो. १९९९ च्या त्या कायद्याला संघटित टोळी लागते, गेल्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात आणि गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. बांधावरच्या भांडणात तो येत नाही.

फाइल कशी मिटते

तपास संपला की दोषारोपपत्र जातं, नाहीतर ‘समरी’. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ब समरी म्हणजे फिर्यादच खोटी, मुद्दाम केलेली. क समरी म्हणजे गैरसमज, किंवा मामला दिवाणी. ब समरी झाली तर फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. समरीची नोटीस फिर्यादीला येते आणि ती मान्य नसेल तर तसं कोर्टात सांगता येतं. बरेच जण ती नोटीस सही करून घेतात आणि पुढे जातच नाहीत.

तडजोडीचाही तक्ता ठरलेला आहे. साधी मारहाण मार खाल्लेल्याने मिटवायची म्हटली तर मिटते, दात पडल्याचं कोर्टाच्या परवानगीने. हत्याराचं ११८ त्या यादीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची फेरी तरी वाचली आहे. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. फोन १५१००.

एवढं सगळं झालं, चार-पाच वर्षं गेली, लोकअदालतीत दोघांनी सह्या केल्या, पण बांध कुठे आहे हे मात्र अजून ठरलेलं नाही. ते पोलिसांच्या हातात नव्हतंच, आणि फौजदारी कोर्टाच्याही. त्यासाठी तालुक्याला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांचं कार्यालय आहे. मोजणीचा अर्ज, सातबारा, फी. मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्याला नोटीस जाते, म्हणजे धाकट्याला यावंच लागतं, आणि भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो तेव्हा दोघंही एकाच बांधावर उभे असतात.